पंप उद्या बसवू

"झाकणाला हात लावू नका! ओ बाई... हात काढा आधी!"

केशरनं दचकून हात मागं घेतला. सकाळचे पावणेसात वाजले होते. उमापूरच्या फाट्यावर तिच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून, भाताचं पातेलं उतू जावं तशी फसफसून वाफ येत होती. आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून एक तरुण चपलासुद्धा न घालता पळत येत होता. हातात दात घासायचा ब्रश, हनुवटीपर्यंत फेस.

"आत उकळतं पाणी हाय. झाकण फिरवलं की सरळ तोंडावर येतंय," तो धापा टाकत म्हणाला.

"आधी तुमच्या तोंडावरचं पुसा."

तो गोरामोरा झाला. पाठ फिरवून त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं घसाघसा तोंड पुसलं, आणि पुन्हा वळला तेव्हा कानाच्या पाळीला थोडासा फेस राहूनच गेला होता. केशरला हसू यायला नको होतं. आज तर मुळीच नको होतं. पण आलं.

"इथले मिस्तरी कुठं हायेत?"

"मीच. शहादेव."

"तुमी?"

"का? दाढी पिकल्याशिवाय इंजिन कळत न्हाई का?"

केशरनं मागच्या दाराकडं बोट केलं. "मागं एकशे ऐंशी लिटर दूध हाय. साडेआठच्या आत गेवराईच्या शीतकरण केंद्रावर गेलं न्हाई तर फाटलं म्हणून समजा. दूध फाटलं की माझ्या हातातलं स्टेअरिंग गेलं. आता बोला, किती वेळ लागंल?"

ती उगाच सांगत नव्हती. हिवरवाडीच्या सव्वीस बायकांनी मिळून दूध संस्था काढली होती, आणि सोळा सालच्या त्या कोरड्याठाक उन्हाळ्यात गावात दुसरं काही पिकत नव्हतं. जनावरं चारा छावणीत, बायका जनावरांपाशी, आणि पहाटे छावणीतच दूध गोळा व्हायचं. केशर संस्थेची सचिव होती आणि संस्थेच्या गाडीची ड्रायव्हरही तीच. पोरीच्या हातात गाडी द्यायची म्हटल्यावर गावच्या सुंदररावांनी भर चावडीत तोंड वाकडं केलं होतं. त्यांच्या पुतण्याचा टेंपो दारात उभाच होता. शेवटी ठरलं ते असं, की जोवर दूध जातंय तोवर गाडी केशरची. ज्या दिवशी तिच्या चुकीनं दूध नासेल, त्या दिवशी टेंपो.

शहादेवनं घाई केली नाही. सीट वर उचलून त्यानं वाफ जाऊ दिली, इंजिन निवू दिलं. मग शेडमध्ये गेला आणि परत आला तो दोन्ही हातांत माठ घेऊन. झोपलेलं लेकरू उचलून आणावं इतक्या जपून.

"हे प्यायचं दिसतंय," केशर म्हणाली. "टँकर तर परवा हाय."

"मी हाटेलात च्यावर भागवीन. गाडीला च्या चालत न्हाई."

इंजिन चालू ठेवून तो हळूहळू पाणी ओतत राहिला. माठाचा गार, मातीचा वास आणि तापलेल्या लोखंडाचा वास एकमेकांत मिसळले. पाणी संपलं तसा त्यानं माठ उलटा करून शेवटचे थेंबही झटकले आणि म्हणाला, "इकडं या. वाका जरा. दिसलं का?"

केशर वाकली. पंपाच्या पुलीमागं एक बारीक भोक होतं, त्याच्याभोवती मिठासारखा पांढरा थर, आणि त्यातून एक एक थेंब... थांबून, विचार केल्यासारखा... खाली पडत होता.

"हा वॉटर पंप. इंजिनभर पाणी हाच फिरवतो. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतंय. आतलं सील गेलं की तिथनं ठिबकतं, म्हंजे मालकाला कळावं. बोअरचं खारं पाणी घालत होता ना?"

केशरनं मान डोलावली. खारं पाणीच घालत होती ती. गोडं पाणी माणसांचं, उरलं तर वासरांचं; त्यातलं गाडीला घालायचं म्हणजे तिला पाप वाटायचं. छावणीतल्या सगळ्यांनाच वाटलं असतं.

"खाऱ्यानं सील खाल्लं," तो म्हणाला. रागावून नव्हे, एखाद्याचं दुखणं सांगावं तसं. "आता बदलावाच लागंल. पाणी बघत बघत आठ-पंधरा दिवस रेटता येईल. पण ठिबकायला लागलेला पंप आपोआप बरा होत न्हाई. आणि घूं घूं आवाज यायला लागला, पुली हातानं हलायला लागली, तर मग एक दिवससुद्धा चालवायची न्हाई. ध्यानात राहील?"

दोघांची डोकी एकाच सीटखाली वाकलेली होती. केशरच्या ध्यानात त्या क्षणी एवढंच होतं, की याच्या कानाच्या पाळीला अजून फेस आहे.

"राहील," ती म्हणाली.

दूध साडेआठला पाच मिनिटं कमी असताना पोचलं.

तिसऱ्या दिवशी शहादेवनं बीडहून नवा पंप आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, फळीवर ठेवलेला. केशर परत जाताना रोज साडेनऊला थांबायची. तो पाणी बघायचा, कमी झालेलं भरायचा. बोअरचं नाही. पाच लिटरच्या कॅनवर त्यानं खडूनं 'दूधगाडी' लिहून ठेवलं होतं आणि त्यात घरच्या वाट्याचं गोडं पाणी असायचं.

"आज बसवू का? तीन तासांचं काम हाय."

"आज न्हाई. आज छावणीत डॉक्टर येणार हायेत."

"मग उद्या?"

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिला दप्तर लिहायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी बाबांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. एकदा तर तो पाना घेऊन उभाच राहिला, तशी ती घाईघाईनं म्हणाली, "आज अवस हाय. अवसेला नवी वस्तू बसवत न्हाईत."

"पंपाला अवस-पुनव कळती का?"

"पंपाला न्हाई कळत. मला कळती."

"बरं," असं म्हणत त्यानं पाना खाली ठेवला. जरा लवकरच ठेवला. केशरच्या ते लक्षात आलं आणि ती रस्त्याकडं बघायला लागली... रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नसताना.

थांबायची म्हटलं तर दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत केवढं तरी मावायचं. शेडच्या दाराशी कडुनिंब होता. त्या वर्षी कशालाच हिरवं व्हायचं सुचलं नव्हतं, हा मात्र मोहरला होता. त्याची बारीक पांढरी फुलं टायरांवर, पान्यांवर, केशरच्या वेणीवर पडत राहायची. शहादेव ती टायरांवरची झटकायचा. वेणीवरची नुसती बघायचा.

तो पालावर वाढला होता. आई-वडील दर साली ऊस तोडायला जायचे, हा बारका असताना फडाच्या कडेला बंद पडलेल्या ट्रॅक्टरांखाली सरपटत जायचा आणि मिस्तऱ्याला पाने द्यायचा. वडील गेले तेव्हा त्यानं कोयता घेतला नाही, पाना घेतला. यंदा कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप संपलं, तशी आई भिवराबाई लवकरच गावाकडं आली होती.

एकदा तीच शेडमध्ये बसलेली होती. केशरला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "ही का ती दूधगाडी? मी म्हणलं, रोज हंडाभर पाणी जातंय कुठं! देवाला बी इतकं लागत न्हाई माझ्या."

"आई!"

"मी गाडीलाच म्हणतेय रं. तू कावून लाल व्हायलास?"

केशर त्या दिवशी पहिल्यांदाच दहा मिनिटांच्या आत निघाली आणि घराकडं वळायच्या ऐवजी... सरळच पुढं गेली. अर्धा कोस गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

"गाडी शिकवली कुणी तुमाला?" त्यानं एकदा विचारलं.

"बाबांनी. आश्रुबा म्हणजे जीपवाले, अख्ख्या तालुक्याला ठाव. पण डोळ्यांत सारा आला, धूसर दिसायला लागलं. कुणाला सांगायचे न्हाईत. मी शेजारी बसायचे आणि रस्ता वाचून दाखवायचे. बाबा, डावीकडं खड्डा. बाबा, म्हैस आडवी येतीय. हळूहळू मी इकडं सरकले आणि ते तिकडं सरकले. एवढंच." तिनं वेणीवरची फुलं झटकली. "स्टेअरिंग माझ्या हातात दिलं ना, तवा ते रडलते. डोळ्यांत पाणी आलं म्हणून आणखीच दिसंना त्यांना."

शहादेव हातातला नट नुसताच फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग तर आजच बसवू. ही गाडी बंद पडून चालायची न्हाई."

"उद्या," केशर म्हणाली.

महिना होत आला. आणि एक दिवस शहादेवनं सीट उचललं, इंजिन चालू केलं आणि कान पुढं केला. त्यानं तिलाही जवळ बोलावलं. थेंबांच्या वर आता एक आवाज होता. बारीक, सलग. खोक्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा. त्यानं इंजिन बंद करून पुली धरली. ती दातासारखी हलली.

"बेअरिंग गेलं. आता खेळ न्हाई हा." त्यानं फळीवरचा पंप काढला, कागद सोडायला सुरुवात केली. "आज कायबी कारण सांगू नका. दुपारपर्यंत देतो गाडी."

केशर "बरं" म्हणालीच होती. खरंच म्हणाली होती. ओढणीचं टोक खोचून ती स्टुलावर बसलीसुद्धा. तो बोल्टाला पाना लावता लावता, स्वतःलाच समजावल्यासारखा, हसून बोलला, "एकदा हा बसला की झालं. गोडं पाणी, हिरवं कूलंट घालून देतो. मग दोन-तीन वरसं ह्या गाडीला माझं तोंड बघायची गरज न्हाई."

कडुनिंबाची फुलं पडत होती. केशर उठली.

"उद्या बसवू."

"केशर..." पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं. "आवाज ऐकलात ना तुमी?"

"एक दिवस तर हाय. उद्या दूध घालून आले की लगेच. नक्की. शप्पथ."

तिनं हात पुढं केला. किल्ली त्याच्या खिशात होती. तो तिच्या तळहाताकडं बघत राहिला, कितीतरी वेळ. मग त्यानं किल्ली दिली.

गाडी बंद पडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गेवराईच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं होती आणि सावली म्हणून एक मैलाचा दगड. आधी भुंगा ओरडला, मग काहीतरी करकरलं, मग फटकन पुलीवरचा पट्टा तुटला. काटा भराभरा वर चढला. केशरनं इंजिन लगेच बंद केलं, तेवढं तिला शिकवलेलं होतं. नंतर शांत झालं. इतकं शांत, की मागच्या कॅनमधलं दूध हिंदकळून थांबलेलंही ऐकू आलं.

तिनं शहादेवला फोन लावला आणि नुसतं म्हणाली, "आवाज थांबला."

तो मोटारसायकलवर आला. त्यानंतर तासाभरानं एक रिकामा टेंपो मिळाला. दोघांनी मिळून कॅन चढवले. केंद्रावर पोचले तेव्हा उन्हानं कॅनला हात लावता येत नव्हता. तिथल्या माणसानं झाकण उघडलं, वास घेतला आणि मान हलवली. त्याचाही काही दोष नव्हता.

त्या दुपारी हिवरवाडीत घरोघरी नासलेलं दूध चुलीवर चढलं. ज्यांच्याकडं साखर होती त्यांनी साखर घातली. केशरला कुणीच बोललं नाही, आणि तेच तिला सोसवेना. छबुबाईची जीभ म्हणजे अख्ख्या गावाला धाक, पण तीसुद्धा आपला कॅन उचलताना नुसतं "जेवलीस का गं?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर संस्थेची सभा बसली. सव्वीस बायका, मध्ये चेअरमन चंद्रभागाबाई, बाजूला खुर्चीवर सुंदरराव. सभासद नसले तरी सभा कुठलीही असो, त्यांची खुर्ची असायचीच. पाराच्या कडेला केशरचे वडील आश्रुबा काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. इतिवृत्त लिहायचं काम सचिवाचं. म्हणून वही केशरच्याच मांडीवर होती.

व्हॅन घेऊन शहादेव स्वतः आला. रात्रीतून नवा पंप बसवून, नवा पट्टा घालून. डोळे तांबरलेले, नखांत ग्रीस.

"मिस्तरी, तुमीच सांगा," सुंदरराव म्हणाले. "महिनाभर गाडी रोज तुमच्या दारात होती. मग हे झालं कसं?"

शहादेवनं केशरकडं पाहिलं नाही. "चूक माझी हाय. पंप अजून महिना-दोन महिने जाईल, असं मीच म्हणलो. माझा अंदाज चुकला."

बायकांत कुजबुज झाली. सुंदररावांनी भुवया उंचावल्या. "असा अंदाज चुकणारा मिस्तरी? मग आमचे टेंपो कुणाच्या भरवशावर तुमच्याकडं द्यायचे?"

"नका देऊ," शहादेव म्हणाला.

"लिही गं केशर," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मिस्तऱ्याचा अंदाज चुकल्यामुळं..."

केशरनं 'मिस्तऱ्याचा' इथपर्यंत लिहिलं. पेन थांबलं. पुढचे दोन शब्द लिहिले की गाडी तिची राहणार होती. बाबांना पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, की आश्रुबा, तुमच्या पोरीचं काय झालं? फक्त उमापूरच्या फाट्यावर उद्यापासून कुणी थांबणार नव्हतं. आणि ज्याचं नाव तिथून पुढं चार तालुक्यांत खराब होणार होतं, तो समोर उभा राहून स्वतःच्या नखांकडं बघत होता.

ती उठली. वही खाली पडली.

"खोटं हाय ते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बदला म्हणून. पंप तिसऱ्या दिवशी आणून ठेवला. महिनाभर फळीवर पडून होता. मीच रोज उद्या, उद्या म्हणत होते."

"कावून?" सुंदररावांनी विचारलं.

केशर पडलेली वही उचलायला वाकली.

"अगं, सांग की," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "इथं घरचीच माणसं हायेत. तुला वेळ नव्हता का?"

"वेळ होता..." तिचा आवाज एवढा बारीक झाला, की मागच्या बायका पुढं सरकल्या. "पंप बसवला असता तर... मग मला तिथं थांबायला काय कारण राहिलं असतं?"

पारावरची एकही बांगडी वाजली नाही.

मग छबुबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "आगं माय! आणि मी म्हणत होते, पोरगी रोज परत येताना येवढी उजळून कशी येती? मला वाटलं, गेवराईत कसलं तरी क्रीम मिळतंय."

हशा पिकला, तो थांबेना. केशरला वाटलं, आता आपण इथंच, पारावरच विरघळून जाणार. तेवढ्यात शहादेव एक पाऊल पुढं आला.

"अर्धंच सांगितलं त्यांनी. आवाज आल्यावर गाडी सोडायचीच नसती. हे मला कळतं, त्यांना कळत न्हवतं. किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी हात पुढं केला आणि... दिली मी. उद्या पुन्हा येतील म्हणून दिली." त्यानं मान वर केली. "मिस्तरी म्हणून मी नालायक ठरलो. लिहायचं तर ते लिहा."

आता कुणी हसलं नाही. सुंदररावांनी खाकरून घसा साफ केला. "ते तुमचं तुमी बघा. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. दूध पोरीच्या चुकीनं नासलं. गाडी केशरकडून काढून घ्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पारावर एकच हात वर झाला. केशरचा.

तिनं तो खरंच वर केला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात सरळ होता.

"हात खाली घे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "सचिवाला मत नसतं. कायदा हाय."

त्यांनी चौफेर नजर फिरवली. सव्वीस जणींचे हात मांडीवरच होते. कुणी काकण चाचपत होती, कुणी लेकराच्या केसांतून बोटं फिरवत होती. काठीवर रेललेल्या आश्रुबांनी अंधुक डोळे किलकिले केले. "किती झाले हात?" त्यांनी विचारलं, आणि बाजूच्या बाईनं त्यांच्या कानाशी सांगितलं, "एकबी न्हाई, आबा." म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि नाक ओढलं.

"पण फुकट न्हाई सुटायची," चंद्रभागाबाईंनी आवाज चढवला. "सव्वीस घरचं दूध गेलंय. सव्वीस घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं, चुकलं म्हणून. आजच."

"मीबी जाणार," शहादेव म्हणाला. "निम्मी चूक माझी हाय."

सगळ्यांच्या माना आश्रुबांकडं वळल्या. त्यांनी काठी आवाजाच्या दिशेनं वळवली. मग म्हणाले, "कुणाचा रे तू?"

"भिवराबाईचा. उमापूरचा."

"गाडी रात्रीतून दुरुस्त केलीस?"

"हो."

"चालवून बघितलीस?"

"गेवराईपर्यंत जाऊन आलो. काटा हालला न्हाई."

"हं." म्हाताऱ्यानं मान डोलावली. "जा. पण छबुबाई मधनं चालंल."

तशी ती वरात निघाली. पुढं ऊन कलतं झालेलं, पायाखाली गरम धूळ. डावीकडं केशर, उजवीकडं शहादेव, आणि मधे छबुबाई, पदर खोचून, वीस वर्षांनी लहान झाल्यासारखी. एक एक घर. छावणीतलं एक एक पाल. केशर प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायची आणि प्रत्येक दारात ते नव्यानं जड जायचं. तो शेजारी उभा राहून म्हणायचा, "माझंबी चुकलं." आणि बायका? एकीनं दोघांच्या हातावर नासक्या दुधाचा कलाकंद ठेवला. "तुमचाच परताप, खा!" एकीनं शहादेवला विचारलं, शेळ्या राखता येतात का? एका म्हातारीनं केशरच्या कानात सांगितलं, "डोळे बरे हायेत त्याचे. चोरून बघतोय, पण लगेच खाली बघतोय."

सव्विसावं घर छबुबाईचं होतं.

"मला काय माफी मागताय? बसा ओट्यावर. पाणी आणते," म्हणून ती आत गेली. गेली ती गेलीच. आत भांड्यांचा आवाज येत होता, पाणी मात्र येत नव्हतं.

दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसले. मध्ये छबुबाईएवढीच जागा सोडून.

"एक इचारू?" शहादेव म्हणाला.

"हं."

"मघाशी जे बोललात... ते सगळ्या सभेला सांगितलंत. सुंदररावांना सांगितलंत. मला कुठं सांगितलं?"

केशरनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. सव्वीस दारांत बोलून तिचा घसा सुकला होता आणि सगळ्यांत लहान वाक्य अजून बाकी होतं.

"तुमी मला आवडता," ती म्हणाली. मग त्याच्याकडं सरळ बघून, "लई."

तो हसला नाही. त्यानं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते ओले होते. "मला वाटायचं, मी नुसताच पाणी घालतोय," तो म्हणाला. "उद्या आईला घेऊन येतो. येऊ ना? पहिल्या दिवसापासनं मला दुसरं काय सुचलंच न्हाई, केशर."

"दूध घालून आल्यावर या. साडेदहा वाजतील मला."

छबुबाई दारात आली. हातात एकच तांब्या होता. तो तिनं दोघांच्या मधल्या जागेत ठेवला, अगदी मापून.

"दोघांत एवढाच," ती म्हणाली. "दुष्काळ हाय बाबांनो, दोन तांबे कुठून आणू?"

तिच्या मागं, उघड्या दारातून दिसत होतं. दुपारीच टँकर येऊन गेला होता आणि भिंतीला लागून हंडे, कळशा, घागरी, अगदी चहाचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरून ठेवलेलं होतं.

शहादेवनं पाहिलं. केशरनंही पाहिलं. त्यानं तांब्या उचलून तिच्यापुढं धरला. ती निम्मं प्यायली, हनुवटीवरून ओघळलेलं मनगटानं पुसलं आणि उरलेलं त्याच्याकडं सरकवलं.